तीनवारच्या आधी

ही उठली तेव्हा मी वाक्याच्या मध्यावर होतो. अंगठा फोनच्या काचेवर, मान खाली, आणि समोरची खुर्ची मागे सरकली. आमच्या स्वयंपाकघरातली ती खुर्ची फरशीवर करकरते, तिच्या एका पायाचं रबर केव्हाच पडलंय. रोज ऐकतो तो आवाज, पण आज तो माझ्या वाक्याच्या मध्येच आला. मान वर केली तर ही माझ्याकडे पाठ करून कप विसळत होती. मी बोटाच्या पेराने टेबलावर दोनदा टकटक केलं. टकटक म्हणजे इकडे बघ, हे आमचं ठरलेलं. हिने बघितलं नाही. "राहू दे," म्हणाली, "उशीर होतोय मला." रागाने म्हणाली असती तर बरं वाटलं असतं, हिच्या रागाची मला सवय आहे, त्यावरचा तोडगाही माहीत आहे. पण ती अगदी सहज म्हणाली, अनोळखी माणसाला वाट विचारावी आणि त्याला ती माहीत नसावी, तेव्हा आपण म्हणतो तशी. चपला घातल्या, दार ओढून घेतलं, आणि जिन्यावरून हिची पावलं उतरत गेली. माझ्या हातात अर्धं वाक्य होतं आणि त्याच्यापुढे ती बारीक उभी रेघ लुकलुकत होती.

प्रश्न साधा होता, म्हणजे विचारायला साधा. हिच्या प्रयोगशाळेची नवी शाखा दुसऱ्या शहरात निघतेय, गाडीने एका रात्रीच्या अंतरावर, आणि दोन वर्षं तिथे राहून ती उभी करून द्यायला हिला बोलावलंय. आठवडाभर आम्ही त्या विषयाच्या कडेकडेने चालत होतो, नुकत्याच पुसलेल्या फरशीच्या कडेने चालावं तसे. आज ऑफिस सुटायच्या आत हिला हो की नाही ते कळवायचंय. म्हणून सकाळी चहाचे कप मध्ये ठेवून हिने सरळच विचारलं, "जाऊ की नको? तुझ्या तोंडून—" आणि जीभ चावून म्हणाली, "तुझ्याकडून ऐकायचंय मला." मी फोन उचलला आणि टाईप करायला लागलो. जरा वेळाने ही म्हणाली, "एकवार." ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. मी लिहिलेलं खोडलं, पुन्हा लिहायला घेतलं. "दोनवार." या वेळी हसू नव्हतं. आणि मग ती खुर्ची.

एकवार, दोनवार हे माझे शब्द. अर्धं आयुष्य मी लिलाव पुकारले. जुनं फर्निचर, बंद पडलेल्या कारखान्यांची यंत्रं, गोदामात बेवारस राहिलेल्या पेट्या, वारसांना नको झालेले पियानो. माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की मोडक्या स्टुलालासुद्धा खानदान मिळायचं. पण पुकारणाऱ्याची खरी परीक्षा बोलण्यात नसते. दोनवार आणि तीनवार यांच्यामध्ये किती थांबायचं हे ज्याला कळलं त्याला हा धंदा कळला. हातोडा वर धरायचा, श्वास रोखायचा, आणि समोरच्याच्या मनातली ओढाताण बघत राहायची. तीनवार म्हटलं नाही तोवर काहीही होऊ शकतं. बोली वाढते, कुणीतरी मागच्या दाराने धावत येऊन हात वर करतं. हिने तीनवार म्हटलं नव्हतं. जिन्यातली पावलं ऐकत मी तेवढ्या एका गोष्टीला धरून बसलो होतो, आणि त्याच वेळी मला हेही कळत होतं की गिऱ्हाइकाला रस उरला नाही तर पुकारणारा तीनवार न म्हणताच पुढच्या वस्तूकडे वळतो.

दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी माझं स्वरयंत्र काढलं. काढलं नसतं तर मीच निघालो असतो, त्यामुळे त्यांच्याशी भांडण नाही. आता गळ्याखालच्या भोकातून श्वास घेतो, त्यावर सुती रुमाल बांधतो, चहा गरम असला तर फुंकर मारता येत नाही म्हणून नुसता बघत बसतो. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळतं, तेही आणलं होतं. पहिल्यांदा त्यातून हिला हाक मारली तर स्वयंपाकघरातला मिक्सरच बोलायला लागल्यासारखं वाटलं. ही हसली, मीही हसलो, आवाजाशिवाय, नुसते खांदे हलवून, आणि यंत्र कपाटात गेलं. मग लिहिलेलं वाचून दाखवणारी फोनमधली बाई लावून बघितली. ती माझी वाक्यं विमान सुटण्याच्या सूचनांसारखी वाचायची. तिलाही निरोप दिला. शेवटी उरला तो अंगठा.

इस्पितळात आधी पाटी दिली होती. पाटीचं दुखणं असं की लिहिता लिहिता सगळ्यांना दिसतं. मी दोन अक्षरं काढली की नर्स म्हणायची, "पाणी? पाणी हवंय?" आणि मला सांगायचं असायचं की पाठीखालची उशी काढा. माझा मेव्हणा तर अर्धं वाक्य वाचून त्याचं उत्तर देऊन मोकळा व्हायचा, वर स्वतःवरच खूश. जन्मभर दुसऱ्यांना मध्येच तोडत आलेल्या माणसाला लोक मध्येच तोडायला लागले. एका दुपारी मी पाटी भिंतीवर फेकली. तुकडे गोळा करताना हिने नियम केला: "यापुढे फोनवर लिही. पुरं लिही. पुरं झालं की फोन माझ्याकडे फिरव. तोवर मी बघणारसुद्धा नाही." आणि हिने तो पाळला, दवाखान्याच्या रांगेत पाळला, जेवताना पाळला, भांडणातही पाळला. मी टाईप करत असायचो आणि ही हाताची घडी घालून, राग जसाच्या तसा धरून, माझ्या समोर उभी असायची. थांबण्यात हिचा हात कुणी धरणार नाही. बियाणं तपासण्याचं काम आहे हिचं. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, झाकायचे, आणि किती उगवतात त्याची वाट बघायची, कधी कधी आठवडा, दोन आठवडे. नव्या मुली उतावळ्या होऊन झाकण उचलतात तेव्हा ही त्यांना अशी झापते की घरी येऊन मलाही तो सगळा प्रवेश करून दाखवते. ज्या बाईला दाण्यांसाठी पंधरा दिवस थांबता येतं ती आज माझ्या एका वाक्यासाठी थांबली नाही. याचा अर्थ मला लावायचा नव्हता. भीती वाटत होती, सरळ सांगायचं तर.

म्हणून मी दोष फोनला दिला. दोष होताही. मागे तो बेसिनमध्ये पडला, काचेवर मधोमध आडवी चीर गेली आणि तिच्याखालची अक्षरांची अख्खी रांग मेली. त्या रांगेतलं अक्षर लागलं की वर सुचवलेल्या शब्दांतून उचलावं लागतं, म्हणजे म्हणायचं असतं एक आणि हाती लागतं त्याच्या शेजारचं. चांगला कीबोर्ड असता तर? अंगठा टेकताच अक्षर उमटलं असतं, वाक्य पुरं झालं असतं, मी फोन फिरवला असता, खुर्ची जागची हलली नसती. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की मला ते पटलं. माल विकताना आधी स्वतःला विकावा लागतो, तशातला प्रकार. शर्ट घातला, रुमाल बदलला, आणि त्या अर्धमेल्या काचेवर कसंबसं एक वाक्य तयार करून घेतलं, दुकानात दाखवायला: चांगला कीबोर्ड असलेला फोन हवा, दिवसभर टाईप करतो. दुकान ठरवून निवडलं, हिच्या प्रयोगशाळेपासून दोन गल्ल्यांवरचं. नवा फोन घ्यायचा, तिथेच उभं राहून एक पुरं वाक्य लिहायचं, ऑफिस सुटायच्या आत पाठवायचं. बेत सोपा होता.

रस्त्यात सगळे बोलत होते. एरवी लक्ष जात नाही, आज प्रत्येक तोंड दिसत होतं. सिग्नलला माझ्या शेजारी एक माणूस फोन कानाला लावून उभा होता आणि नुसता "हं" म्हणत होता. हं. हं. हं, बघतो. पलीकडे कोण होतं कुणास ठाऊक, बायको असेल, आई असेल, ते माणूस भराभरा काहीतरी सांगत होतं आणि हा त्याला त्या एका "हं"वर झेलत होता. मला मोठ्या शब्दांची आठवण येत नाही. भाषणं, विनोद, शिव्या, सगळं अंगठ्याने जमतं. पण "हं" टाईप करता येत नाही. करता येतो, पण तो पोचेपर्यंत समोरचं माणूस पुढे गेलेलं असतं. हिरवा दिवा लागला, माणूस निघून गेला, मी तिथेच राहिलो, मागच्याने खांदा लावला तेव्हा भानावर आलो.

दुकानात थंडगार हवा आणि पांढराफेक उजेड. निळा टी-शर्ट घातलेली एक बाई पुढे आली. "या काका, काय दाखवू?" मी रुमालाकडे बोट केलं, हात हलवला. झालं. तिने मोठ्ठ्याने, एकेक अक्षर सुटं करत विचारलं, "ऐ-कू ये-तं का?" दुकानातली सगळी माणसं वळली. मी मान डोलावली, पण तिने तोवर स्वतःच्या फोनवर "कोणता फोन पाहिजे" असं लिहून माझ्या नाकासमोर धरलं होतं. यासाठी माझ्याकडे एक वाक्य कायम तयार असतं, ते काढून दाखवलं: गळा गेलाय, कान शाबूत आहेत. "अगंबाई, सॉरी काका!" ती म्हणाली, तितक्याच मोठ्याने. मग माझं दुसरं वाक्य तिने वाचलं. "कीबोर्ड? खरी बटणं हवीत का? तसले आता येत नाहीत. सगळं काचेवरच." तिने मला एका लांब, उतरत्या टेबलाकडे नेलं. तिथे वायरीने बांधलेले फोन ओळीने मांडून ठेवले होते. प्रत्येकावर तिने एक कोरं पान उघडून दिलं. "घ्या. सगळ्यांवर लिहून बघा, पोटभर. हे विझत नाहीत हं, तसं करून ठेवलंय. अंधारा फोन कुणी हातात घेत नाही."

कीबोर्ड तपासताना माणूस काय लिहितो? माझ्या डावीकडचा एक जण "हॅलो हॅलो" लिहीत होता. मी पहिल्या फोनवर अंगठा ठेवला. फोन अरुंद होता, अक्षरं दाटीवाटीने बसलेली, पण प्रत्येक अक्षराला तो हाताला एक बारीकसा धक्का द्यायचा, दाबल्याचं कळायचं. लिहिलं गेलं ते असं: जा. चांगली संधी आहे. माझी काळजी करू नकोस. एकही चूक नाही. इतकं सुरळीत आलं की मलाच संशय आला. लिलावाला असं गुळगुळीत टेबल आलं की मी ते आधी उलटं करायला लावायचो. वाळवी बहुधा खालच्या बाजूला असते. दुसऱ्या फोनकडे सरकलो. रुंद, मोठी अक्षरं, अंगठ्याला ऐसपैस जागा. त्यावर लिहिलं: जाऊ नकोस. एवढंच. पुढे काही सुचेना. त्या पांढऱ्या पानावर ते दोनच शब्द इतके उघडे दिसत होते की मी त्यांच्यावर तळहात ठेवला आणि हॅलो हॅलोवाल्याकडे बघून हसलो.

तिसऱ्या फोनला दाबल्यावर लाकडावर टिचकी मारल्यासारखा आवाज यायचा, आणि तो आवाज ऐकताना मला आमच्या घरातल्या बोळातलं कपाट आठवलं. एका बंद पडलेल्या औषधाच्या दुकानाचं ते कपाट, सगळं बारीक बारीक खणांचं. एक मुलगी ते घ्यायला आली होती, दाणे ठेवायला तिला तसले खण हवे होते, आणि जुन्या वस्तूंचा एक व्यापारी तिच्या बोलीवर बोली चढवत होता. तिची बोली संपली. एकवार, मी म्हटलं. दोनवार. ती कपाटाकडे बघत होती, खालचा ओठ दातात धरून. मी हातोडा वर धरला आणि धरूनच ठेवला. दंड भरून आला. व्यापारी म्हणाला, "अहो, डोळा लागला का?" सगळा हॉल हसला. तरी मी थांबलो. तिने हात वर केला. व्यापारी चिडून निघून गेला, तीनवार, हातोडा, कपाट तिचं, आणि पुढच्या वर्षी ते कपाट तिच्यासकट माझ्या घरी आलं. "तू तेव्हा एवढा का थांबलास?" हिने कितीतरी वेळा विचारलंय. "हात आखडला होता," एवढंच मी म्हणत आलो. तेव्हा तर आवाज होता, खणखणीत आवाज. तिसऱ्या फोनवर मी लिहिलं: तू गेलीस तर घरात भांडायला कोण राहील, ते कपाट?

मग अंगठा सुटला. चौथ्यावर: मला राग येतो. तू मला विचारतेस याचाच राग येतो. माझ्यावर टाकून मोकळी होतेस. पाचव्या फोनवर काच इतकी हलकी होती की टेकायच्या आधी अक्षर उमटत होतं, आणि त्यावर जे आलं ते वाचून मला टेबलाची कड धरावी लागली: तू तिकडे गेलीस की मी तुझ्या फोनमधली नुसती अक्षरं होईन. बाकीची माणसं फोनवर हं म्हणतात. इथे निदान तुला माझं तोंड दिसतं. आठवडाभर छातीत जे काही बसलं होतं, रात्री कूस बदलली की जे त्या कुशीला येत होतं, ते हे. दोन वर्षं नाही, एकटेपणही नाही. जेवणाचं, औषधांचं मी बघून घेईन. पण ही मला वाचायला लागेल. कामाच्या गर्दीत, उभ्या उभ्या, इतर शंभर निरोपांच्या मधे. आणि वाचता वाचता कधीतरी, वाचून झाल्यावर, विसरेल. सहाव्या फोनवर मी लिहिलं: दोन वर्षं मी. तिथे अडलो. अंगठा हवेत.

"जमला का कुठला, काका?" निळ्या टी-शर्टातली बाई आली होती. मी दचकून सहावा फोन अंगाने झाकला. सहाही फोनांवरून हात फिरवला आणि प्रश्नार्थक मान केली, कुठला चांगला? ती हसली. "कीबोर्ड म्हणाल तर सगळ्यांवर तोच आहे की. मीच टाकलाय सकाळी. फोन कुठला रुंद, कुठला हलका, एवढाच फरक. बघू तुमचा?" तिने माझा चीर गेलेला फोन हातात घेतला, उलटासुलटा केला. "यावरही तोच आहे. काच बदललीत तरी काम होईल." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

तोच. सकाळी माझ्या हाताखाली होता तोच. मी जुना फोन घेऊन उभा राहिलो आणि सकाळचं टेबल पुन्हा समोर आलं, पण या वेळी हिच्या बाजूने. ही स्क्रीन बघत नाही, नियम आहे. पण माझे हात तर बघते. वर्षानुवर्षं हातोड्यासकट बघत आलीय. आणि खोडायचं बटण खाली कोपऱ्यात असतं, वेगळं. लिहिताना अंगठा नाचतो, खोडताना तो त्या कोपऱ्यात जाऊन दाबून बसतो. म्हणजे हिला समोर बसून सगळं दिसत होतं. लिहितोय. कोपऱ्यात गेला. लिहितोय. पुन्हा कोपऱ्यात. ही चहा निवत ठेवून माझं खोडणं बघत बसली होती. आजच नाही, दीड वर्षं. मी खूप वेळ टाईप करायचो आणि शेवटी फोन फिरवायचो तेव्हा त्यावर काय असायचं? "बरं." "चालेल." "तू म्हणशील तसं." मेलेल्या रांगेचा त्यात काय संबंध होता? रुमालाखालचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला.

पहिली ऊर्मी अर्थातच खोडायची. हे असं उघड्यावर टाकून कसं जायचं? मी पहिल्या फोनपाशी परत गेलो आणि कोपऱ्यात अंगठा ठेवला. ठेवला आणि नजर ओळीवरून पुढे गेली. सहा फोन, सहाही उजळलेले, एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. लिलावाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे सगळा माल असाच मांडून ठेवायचे, बघायला. त्या दिवसाचा माझा एक नियम होता, त्यासाठी मी मालकांशी भांडलोय: तुटलेली कड भिंतीकडे करायची नाही, गिऱ्हाइकाकडे करायची. त्याला कळू दे काय घेतोय ते. परक्यांसाठी हे पाळलं. मी अंगठा उचलला. ओळीतल्या शेवटच्या, सातव्या फोनवर हिचा नंबर टाकला आणि खाली लिहिलं: या नंबरला फोन लावा. म्हणा, इथे या. आणि निळ्या टी-शर्टाची बाही ओढली.

तिने लावला. मी तिच्या तोंडाकडे बघत उभा. "हॅलो, मी चौकातल्या फोनच्या दुकानातून बोलतेय, गळ्याला रुमाल बांधलेले एक काका आलेत... नाही नाही, बरे आहेत... हो, उभे आहेत इथेच... ते म्हणतात, या." तिने फोन खाली घेतला. मी भुवया उंचावल्या. "त्यावर काही बोलल्या नाहीत हो. ठेवला फोन." काही बोलली नाही म्हणजे येणार की चिडली? की तिकडे हो सांगून झालं होतं, आणि आता माझ्याकडे यायचं म्हणजे नुसतं ते सांगायला? तेवढ्यात एक बाई येऊन दुसरा फोन उचलायला लागली. मी आडवा हात घातला, उशीर झाला होता. तिने वाचलं, माझ्याकडे बघितलं. "तुमचं आहे का हे?" मी मान डोलावली. तिने फोन स्टँडवर परत ठेवला, फार सांभाळून, आणि पलीकडे गेली. त्यानंतर मी त्या टेबलापुढे पहारेकऱ्यासारखा फिरत राहिलो. हॅलो हॅलोवाल्याने पाचव्याकडे हात नेला तर त्याच्याकडे असं बघितलं की त्याने हात खिशात घातला.

ही आली ती अंगात प्रयोगशाळेचा पांढरा झगा, केसांत पेन्सिल खोचलेली, बोटं ओली. धावत आली होती. आधी माझा रुमाल बघितला, मग ओठांचा रंग, मग डोळे. "काय झालं? घाबरवलंस ना मला!" मी टेबलाकडे बोट दाखवलं. हिने तिकडे बघितलं आणि स्क्रीन दिसल्याबरोबर, सवयीने, तोंड फिरवलं. सवयीने! मला तिथेच रडू फुटायचं बाकी होतं. "पुरं झालंय का?" हिने पाठमोरंच विचारलं. मी हिच्या खांद्याला हात लावून वळवलं, मान हलवली. नाही. "मग?" मी टेबलावर पेराने दोनदा टकटक केलं. इकडे बघ.

हिने पहिला वाचला. दुसऱ्याकडे गेली. तिसऱ्यापाशी नाकातून हसल्यासारखं काहीतरी झालं. चौथ्यापाशी मान ताठ झाली. पाचव्यापाशी ही फार वेळ उभी राहिली, इतका वेळ की मला हिची पाठच वाचावी लागली, आणि तिच्यावरून मला काही कळेना. मग ही मागे आली, दुसरा पुन्हा वाचला, आणि माझ्याकडे वळली. "यातलं खरं कुठलं?"

मी दोन्ही हात पसरले, तळवे खाली, आणि पहिल्यापासून सहाव्यापर्यंत सगळी ओळ त्या हातांखाली घेतली. माझ्या धंद्यातली ती खूण आहे, अख्खा लॉट एकत्र पुकारायचा असला की करायची. हिने ती हॉलच्या मागच्या बाकावरून कितीतरी वेळा बघितलीय.

"फोडून मिळणार नाही," ही म्हणाली.

मी मान डोलावली.

हिने ओल्या हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले. "मला जायचंय," ती म्हणाली. "आठवडाभर घुटमळतेय, पण मला जायचंय. ते म्हणायचं धाडस नव्हतं म्हणून सकाळी तुला विचारलं. तू जा म्हणाला असतास तर सुटले असते, नको म्हणाला असतास तर तुझ्यावर चिडायला मोकळी. चौथ्यावरचं बरोबर आहे तुझं." मग पाचव्याकडे बोट करून म्हणाली, "आणि हे वाचल्यावर मलाही भीती वाटायला लागलीय. मी अजून कळवलेलं नाही त्यांना. मी तीनवार म्हटलं नव्हतं."

मला जायचंय. हे दोन शब्द मी आठवडाभर ऐकत नव्हतो, आणि ते आता इतक्या साध्या आवाजात समोर उभे होते. आवाज असता तर मी लगेच काहीतरी बोललो असतो, एखादा विनोद, हात आखडला होता छापाचं काहीतरी, आणि तो क्षण निसटून गेला असता. ही सहाव्या फोनपाशी गेली. "दोन वर्षं मी," हिने वाचलं. "पुढे?"

पुढे मला माहीत नव्हतं. मी फोनपाशी गेलो, हिच्या शेजारी उभा राहिलो, आणि दीड वर्षात पहिल्यांदा ही माझ्या बोटांऐवजी काचेकडे बघत होती. पहिलंच अक्षर भलतं पडलं, आणि अंगठा आपोआप खाली कोपऱ्याकडे वळला. तिथे हिचं बोट आधीच येऊन थांबलं होतं, ओल्या कागदाने भिजून सुरकुतलेलं, त्या बटणावर झाकणासारखं ठेवलेलं.

"खोडू नकोस," ही म्हणाली. "चुकलं तर चुकलं."

"काका, मग कुठला घ्यायचा—" निळ्या टी-शर्टातली बाई मागून म्हणाली. हिने तिच्याकडे न बघताच दुसरा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला.

"सावकाश लिही," मला म्हणाली. "मी थांबलेय."

मी पुढचं अक्षर दाबलं.